गव्हाणीची करंजी

नाताळ हा ख्रिस्ती माणसांचा सण आहे, असं सगळ्या जगाला वाटतं. आमच्या आत्याच्या मते तो गुरांचा सण होता आणि माणसांना त्यात मेहेरबानी म्हणून सामील करून घेतलेलं होतं. आत्याचं हे मत बदलायची ताकद निजामाच्या अख्ख्या मुलखात कोणाकडे नव्हती. पाळकसाहेबांनी प्रयत्न करून पाहिला, कापसाच्या जिनिंगमधल्या मुकादमानं पाहिला, आणि पुढे चार बुकं शिकून आल्यावर मीही पाहिला.

पण हे मत तिला कुठून सुचलं ते आधी सांगायला हवं. लातूरजवळच्या मुरुडच्या अलीकडे एका खेड्यात पटकीच्या साथीत आमचे आईबाप एकापाठोपाठ एक गेले. मी तेव्हा नुकती परकर नेसायला लागले होते आणि धाकटा शमू अजून हात धरल्याशिवाय चालत नव्हता. आत्या आमच्या बापाची विधवा बहीण. तिनं आम्हाला उचललं खरं, पण ठेवणार कुठे? आम्ही मुळात गावकुसाबाहेरचे, त्यात आमच्या आज्यानं ख्रिस्ती धर्म घेतलेला. आधीच्या जातभाईंना आम्ही परके झालो होतो आणि बाकीच्या गावाला तर पहिल्यापासूनच परके होतो. आमचं छप्पर पावसानं बसलं ते उभं करायला कोणी आलं नाही. शेवटी एका शेतकऱ्यानं शेतातल्या गोठ्याची एक बाजू दिली, रोज शेणघाण काढायच्या बोलीवर. मधे एक बांबू आडवा बांधलेला. त्याच्या पलीकडे गाई-बैल, अलीकडे आम्ही. थंडीत आत्या बांबूखालून आम्हाला पलीकडे सरकवायची, गाईच्या पाठीला पाठ लावून झोपा म्हणायची. कोणाला वाईट वाटावं म्हणून हे लिहीत नाही. तिथं ऊब चांगली होती.

त्याच गोठ्यात आमचा पहिला नाताळ झाला. आत्यानं कुठूनतरी मूठभर कणीक आणि गूळ मिळवला आणि मोजक्या करंज्या तळल्या. मी हात पुढे केला तर तिनं हातावर चापट मारली. "थांब. येशूबाळाला जागा माणसानं दिली न्हाई, गुरांनी दिली. आपल्याला बी गुरांनीच दिली. मग आधी कुणी खावं?" असं म्हणून कढईतून निघालेली पहिली करंजी तिनं फुंकर मारमारून गार केली, गाईला चारली, आणि तिच्या कानाला तोंड लावून म्हणाली, "बाळ निजलंय तुझ्या गव्हाणीत. तुझे लई उपकार." गाईनं कान झटकला. आत्या म्हणाली, "ऐकलं तिनं."

पुढे लातूरच्या जिनिंगमध्ये तिला सरकी निवडायचं काम मिळालं, ख्रिस्ती देवळामागे एक खोली मिळाली, आणि पोटाला चिमटे घेऊन घेऊन तिनं देवणीच्या बाजारातून एक ठिपक्यांची बांडी कालवड आणली. दिवस पालटले. माणसाचे दिवस पालटले की सणातल्या खोडी कमी होतात म्हणतात. आत्याच्या वाढल्या. दसरा झाला की तिचा नाताळ सुरू व्हायचा. करडीचं तेल कोणत्या घाण्यावरचं आणायचं यावर ती शेजारणींशी भांडायची. आमच्या कपड्यांआधी कालवडीच्या झुलीचं कापड यायचं. आणि गव्हाणीची करंजी आता एका गाईपुरती राहिली नव्हती. जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असे. आत्या नाताळच्या सकाळी टोपली डोक्यावर घेऊन त्या रांगेच्या टोकापासून सुरुवात करायची. एकेक बैल, एकेक करंजी, एकेकाच्या कानात निरोप. आम्ही दोघं न्हाऊन-माखून, नवे कपडे घालून, उपाशी पोटी तिच्या मागून चालायचो. बैलांची मचमच ऐकत चालणं ही काय शिक्षा असते, ते ज्यानं भोगलं त्यालाच कळेल.

एकदा एका गाडीवानानं तिला विचारलं, "मावशे, आमची बैलं ख्रिस्ती करून राहिलीस का काय?"

"बैलांचा यात पैल्यापासून हात हाय," आत्या म्हणाली. "तुझं तू बघ."

दुसऱ्या वर्षापासून काही गाडीवान मुद्दाम त्याच दिवशी माल घेऊन येऊ लागले, अशी लातुरात बोलवा होती.

शमूनं एका नाताळाला भूक न आवरून पहिलीच करंजी तोंडात कोंबली. आत्यानं मारलं नाही. ती त्याला धरून कालवडीपुढे घेऊन गेली, स्वतःचे दोन्ही कान धरायला लावले, आणि "तुझा घास मी खाल्ला, माफ कर" असं म्हणवून घेतलं. कालवडीनं त्याचं तेलकट तोंड चाटलं. "सोडलं तुला तिनं," आत्या म्हणाली. "मी सोडलं नसतं."

तिच्या पायी देवळातल्या उपासनेला दर रविवारी नाही तरी नाताळला हटकून उशीर व्हायचा. पाळकसाहेब फार सौम्य माणूस, पण एकदा तेही वैतागले. म्हणाले, "बाई, शास्त्रात गाईचं नाव नाही, बैलाचं नाही. तिथं फक्त गव्हाण लिहिलेली आहे."

"गव्हाण लिहिलीय ना? मग त्या गव्हाणीत चरत कोण व्हतं, पाळकसाहेब? तुम्ही?"

त्यानंतर नाताळची उपासना अर्धा तास उशिरा ठेवायचा ठराव मंडळीनं केला. आत्याला तो आपला विजय वाटला नाही. तिच्या मते तो गुरांचा होता.

असं करत करत मी निजामाच्या सरकारी शाळेतून, म्हणजे उर्दू मदरशातून, मॅट्रिक झाले, हैदराबादेला कॉलेजात गेले आणि आमच्या घराण्यातली पहिली पदवी घेऊन आले. हे मी अभिमानानं सांगते, कारण ती फुकट मिळालेली नाही. नांदेडला मुलींच्या शाळेत नोकरी लागली. शमूही तिथंच रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून झाला. आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, समोर फरशीचं अंगण, वर पत्रे. आत्याला किती वेळा बोलावलं, पण गाईला सोडून ती येईना. मग एका उन्हाळ्यात गाय म्हातारपणानं गेली, आणि शमू लातूरला जाऊन आत्याला घेऊन आला.

दसरा झाला. आत्यानं तेलाचं नाव काढलं नाही. दिवाळी झाली. शेजारीण फराळाचं ताट देऊन गेली, तिच्याशीही आत्या भांडली नाही. आम्ही दोघं घाबरलो. डिसेंबर लागल्यावर मी मुद्दाम वाकडं बोलून पाहिलं, "आत्या, यंदा करंज्या विकतच आणाव्या म्हणते."

"आण की," आत्या म्हणाली.

मग शमूनं सरळच विचारलं. तेव्हा तिचं पोटातलं बाहेर आलं. "लेकरांनो, तुमचं चांगलं झालं. फरशी आली, पत्रे आले. हितं गोठा न्हाई, अन् तुम्हाला त्याची गरज बी न्हाई. ते माझं येड व्हतं, माझ्यासंगं जाऊ द्या. नवं साल लागलं की मी लातूरला जाते. देवळाच्या ओसरीला पडून ऱ्हाईन. वळखीचं जनावर तरी दिसंल."

"अगं पण इथं आम्ही आहोत ना!" मी म्हणाले.

"तुम्ही हाव. पण तुमच्यात मी कुठं हाय?"



नाताळच्या आदल्या संध्याकाळी करंज्या मी तळल्या. आत्या भिंतीला टेकून बसून होती. गूळ जास्त झालाय हे तिला लांबून दिसलं असणार, पण ती बोलली नाही. पहिली करंजी मी सवयीनं बाजूला काढली, आणि कशासाठी काढली हे लक्षात आल्यावर तशीच ताटलीखाली झाकली. सकाळी उठून चहा केला. आत्या म्हणाली, "खावा आता. कुणासाठी थांबला?" शमू म्हणाला, धक्क्यावर जरा काम आहे, आलोच. तो गेल्यावर थोड्या वेळानं मी म्हणाले, देवळासाठी फुलं आणते. खरं म्हणजे फुलं आमच्या अंगणातच होती.

मी परतले तेव्हा शमूही परतला होता. आम्ही एकमेकांकडे न बघता पाटावर बसलो. तेवढ्यात मागच्या गल्लीतला गवळी दारात येऊन ओरडायला लागला.

"मास्तरीणबाई, तुमच्या घरात शिकलेलं माणूस एक बी न्हाई का?"

"काय झालं?"

"मलाच इचारता व्हय! सकाळी हा तुमचा भाऊ आला. कोट घालून माझ्या गोठ्यात शिरला. म्हशीला कायतरी चारलं, तिच्या कानात कुजबुजला अन् पळाला. म्हणलं आसंल रेल्वेचं कायतरी. मग तुम्ही आलाव! तुम्ही बी चारलं, तुम्ही बी कुजबुजलाव! तवापासून म्हशीनं पान्हा चोरलाय. थेंब दीना. काय मंतर घातलाव तिच्यावर?"

मी शमूकडे पाहिलं. शमूनं माझ्याकडे. त्याचे कान लाल झाले होते.

भिंतीला टेकलेली आत्या सरळ झाली. "कानात काय सांगितलं रं?"

"तेच," शमू म्हणाला.

"त्येच म्हंजे?"

शमू पाटाकडे बघत म्हणाला, "बाळ निजलंय तुझ्या गव्हाणीत. तुझे लई उपकार."

"अन् तू गं?"

"मी पण तेच," मी म्हणाले.

आत्या डोळ्यांना पदर लावेल असं मला वाटलं, पण तिनं तो पदर कमरेला खोचला आणि ती आमच्यावर कडाडली. "उभ्या उभ्या सांगितलं आसंल! कोट घालून, चपला वाजवत! जनावराला आधी मानेखाली खाजवायचं, दोन शब्द बोलायचं, मग निरोप सांगायचा. एवढी वर्षं माझ्यामागनं काय झोपेत चालत व्हताव? गवळीदादा, चला. दावा मला तुमची म्हैस."

टोपलीभर करंज्या उचलून ती निघालीसुद्धा. मी मागून धावत म्हणाले, "आत्या, पण ती म्हैस आहे. गाय असती तर..."

"येशूबाळ जल्मलं त्या राती तिला कुणी बोलावलं न्हवतं, म्हणून आज बी उपाशी ठेवू का?"

गोठ्यात ती म्हशीजवळ उकिडवी बसली. मानेखाली खाजवत, बेसूर आवाजात नाताळचं गाणं म्हणत राहिली. गवळी कपाळाला हात लावून उभा होता. मग आत्या तिच्या कानाशी बराच वेळ बोलली. आमच्यापेक्षा पुष्कळ जास्त बोलली, काय ते आम्हाला ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "बसा आता धारंला." आणि बादलीत धारेचा आवाज सुरू झाला. गवळी खाली मान घालून म्हणाला, "मावशी, त्या पलीकडच्या दोघींना बी देऊन टाका. उगं रुसायच्या."

उपासनेला आम्ही सगळ्यांच्या शेवटी पोचलो. परत येताना वाटेत आत्या मला म्हणाली, "गूळ लई झालता. अन् ती कढई काय पुरती? पुढल्या साली मोठी घ्यावी लागंल." मी बरं म्हटलं.

आत्या लातूरला गेली नाही. पुढचे सगळे नाताळ तिनं नांदेडलाच केले, आणि तिथल्या पाळकसाहेबांनाही उपासनेची वेळ बदलायला लावली. आता ती नाही. शमूची बदली होईल त्या गावी तो आधी गोठा शोधतो, मग घर बघतो, आणि त्याची बायको मला पत्रातून तक्रार करते. मी पदवी घेतली, पुढे शाळेची मुख्य झाले, लोक त्याचं कौतुक करतात आणि मी ते करू देते. पण आमच्या घरानं काय मिळवलं असं कोणी मला विचारलं, तर मी वेगळं सांगते. दुसऱ्याच्या गोठ्यात वाढलेल्या आम्हा दोघांनी आमच्या आत्याला आमच्या घरात ठेवून घेतलं.