बीजींच्या बागेतला निळा चौकोन

सतवंत कौर यांना आमच्या कसबा बावड्याच्या गल्लीत कुणी नावानं हाक मारत नाही. त्या सगळ्यांच्या बीजी. पंचेचाळीस वर्षांपूर्वी लुधियानाजवळच्या खेड्यातून नवऱ्यामागे इथं आल्या. तो उद्यमनगरात लेथवर काम करायचा. तो गेला, मुलगा पंजाबात परतला, बीजी मात्र हलल्या नाहीत. भाजीवाल्याला दारातूनच विचारतात, "काय पावणं, ही कोथिंबीर आजची हाय की परवाची?" नवा असला तर तो त्यांना इथल्याच, गारगोटीकडच्या समजतो.

येताना त्यांनी एक लोखंडी ट्रंक आणली होती. तिच्यात जाड खादीचं कापड, रेशमाच्या लडी आणि सुया. फुलकारीचं भरतकाम त्या आजीकडून शिकल्या. भरतकामानं कापड पुरतं झाकलं, खालचा रंग दिसेनासा झाला, की त्याला बाग म्हणतात. कापडावर आधी काही रेखाटायचं नाही. उलट्या बाजूनं एकेक धागा मोजत सुई घालायची, नक्षी सुलट्या बाजूला उमटत जाते. एका बागेला वर्ष सहज लागतं. घरकाम, दुखणी, नवऱ्याचं आजारपण, सगळं सांभाळून बीजींनी अशा अकरा बागा भरल्या आणि एकही विकली नाही. नात्यातल्या मुलींच्या लग्नात दिल्या.

बारावी बाग नातीसाठी, जसलीनसाठी होती. ती निम्मी झाली आणि बीजींचे डोळे गेले. म्हणजे मोतीबिंदू काढला, माणसं दिसू लागली, पण कापडाचा धागा काही दिसेना.

त्याच सुमारास माझी लेक निशिगंधा पुण्याचं इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून घरी आली होती. दिवसभर झोपायची, जेवायला हाक मारली तर ताटाकडे बघत बसायची. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. मी रात्री तीन-तीनदा उठून तिच्या खोलीत डोकावायचे. बीजींनी मला काहीच विचारलं नाही. पोरीला पाठव म्हणाल्या, मला धागे मोजायला डोळे पायजेत.

आधी ती नुसती मोजायची. बीजी पंजाबीत, ही मराठीत, आणि आकडा जुळला नाही की भांडण. दिवाळीनंतर सुईही तिच्याच हातात आली. बीजी शेजारी बसून बोटांनी उलटी बाजू चाचपायच्या आणि चुकलेला टाका सांगायच्या. ती जेवू लागली, पण मी भीत राहिले. घसरण परत कधी सुरू होईल, याचा नेम नव्हता.

आज दुपारी शेवटचे टाके घालून तिनं बाग घरी आणली आणि बीजींना डोळे तपासायला घेऊन गेली. मी इस्त्रीसाठी कापड पसरलं. सगळीकडे पिवळ्याधमक रेशमाचे चौकोन, आणि कडेजवळ एकच निळा. पुण्यालाही असंच सुरू झालं होतं. एका विषयाच्या वहीत दुसऱ्याचंच काहीतरी लिहिलेलं असायचं. तिला कळायच्या आत दुरुस्त करावं म्हणून मी बारीक कात्री घेतली आणि तो चौकोन उसवला. मग पिवळा धागा ओवला, तर मला कापडाचे धागेच मोजता येईनात.

तेवढ्यात दोघी आल्या. निशिगंधानं कापड पाहिलं, मग माझ्या हातातली कात्री. मी गडबडीनं म्हणाले, रंग चुकला होता गं, मी करते सारखं.

बीजींनी कापड ओढून घेतलं, उसवलेल्या जागी बोट फिरवलं आणि खुर्चीत बसल्या.

"काय गं, लेकराच्या गालाला तीट लावत होतीस का न्हाय?"

"लावत होते."

"मग ती पुसून गाल साफ करत होतीस व्हय? ही बागेची तीट. पुरी बाग बिनचूक ठेवायची नसती, नजर लागती. एक फूल येगळं भरायचं. कुठलं, ते भरणारीनं ठरवायचं. जसलीनसाठी हिनं ठरवलंतं. आन् तू कालेज शिकलेली, कात्री घिऊन बसलीस."

मी निशिगंधाकडे बघायचं टाळत होते. वर्षभराच्या कामावर मी कात्री चालवली होती. ती आता परत खोलीत जाऊन दार लावणार, एवढंच डोक्यात होतं.

ती हसायला लागली. आधी नाकातून, मग भिंतीला टेकून, पोट धरून. "आई, तू तीट उसवलीस," म्हणाली आणि परत हसली. तिचं हे हसणं मी दीड वर्षात ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तिला दिसलं असावं, कारण तिनं निळी लड माझ्या हातात दिली.

"बस आता. तू मोज, मी भरते."

मी मोजायला बसले. दोनदा चुकले आणि दोन्ही वेळा बीजींनी मला बी.ए.चं वर्ष विचारलं. चौकोन भरून झाल्यावर त्यांनी तो बोटांनी तपासला, एक टाका सैल निघाला, तो निशिगंधानं परत घातला. आता बाग बीजींच्या ट्रंकेत आहे, परवा पंजाबला जाईल. तेराव्या बागेचं कापड दोघी उद्या आणणार आहेत. झोपताना निशिगंधानं मला सातला उठवायला सांगितलं.

बारा वाजून गेलेत. तिच्या खोलीतला दिवा कधीच बंद झाला. आज मी अजून एकदाही डोकावले नाही.