वरचा पसा

सुनीतीला आपल्या कामाची किळस आली ती सूस गावच्या ऑफिसात नव्हे, भरे नावाच्या गावात, घरमालकीण लीलाबाईंच्या ओट्यावर.

परभणीहून आलेली ही पोरगी चार वर्षं लीलाबाईंकडे वरच्या खोलीत भाड्यानं राहत होती. काम काय, तर मोबाइलवरची ॲप तपासायची. ऑनलाइन दुकानात मांडण्याआधी आत काही विष नाही ना, ते बघायचं. आधी यंत्र बघतं. त्याला शंका आली की ॲप माणसापुढं येतं. ऐकायला केवढं जबाबदारीचं! प्रत्यक्षात दिवसाला नव्वद ॲप, एकाला पाच मिनिटं. पाच मिनिटांत धड चहासुद्धा होत नाही.

लीलाबाईंना मात्र तिचं कोण कौतुक! जमीन विकल्यापासून घरात तांदूळ विकतचा. पोतं आलं की त्या कोपरापर्यंत हात घालून तळाचे दाणे काढून बघायच्या. "वरचा पसा समदेच चांगला ठेवत्यात," म्हणायच्या. "आमची सुनीती मोबाइलात आसंच बगती." पोटच्या शंभूला त्या फोनला हात लावू देत नसत, सुनीतीला बिनदिक्कत देत.

गेल्या वर्षी पावसाचा अंदाज सांगणारं एक ॲप सुनीतीनं तपासलं. साफ होतं. लीलाबाईंच्या फोनवर तिनंच घालून दिलं. यंदा ते कुणा भलत्यानंच विकत घेतलं आणि नवी आवृत्ती धाडली. त्या आवृत्तीला फोनवर दिसेल ते वाचायची आणि फोनच्या मालकाच्या जागी बटणं दाबायची परवानगी हवी होती. पाऊस सांगणाऱ्याला ही उठाठेव कशाला? यंत्राला शंका आली आणि ॲप पुन्हा सुनीतीपुढं आलं. खाली तिचाच जुना शेरा: साफ.

"जुनं गिऱ्हाईक आहे गं, पास कर," तिचा वरिष्ठ अमोघ म्हणाला. "अजून तीस बाकी आहेत."

तिनं पास केलं. आत उघडूनही बघितलं नाही.

नवी आवृत्ती लीलाबाईंच्या फोनवर आपोआप उतरली आणि दहाव्या दिवशी तिथून भजनी मंडळाच्या चाळीस बायकांना नागडी चित्रं गेली. एका साध्या बाईच्या नावावर असली घाण! सुनीतीनं त्याच ऑनलाइन दुकानाकडं तक्रार केली. उत्तर आलं, तक्रार विचाराधीन आहे. आणि ते ॲप तिथंच, 'तपासलेले' असा हिरवा शिक्का मिरवत. चोर तर चोरच, पण कडी तिनं काढून दिली होती.

संध्याकाळी लीलाबाई ओट्यावर बसल्या होत्या. मंडळात पहिल्या ओळीत बसणारी ही बाई आज भजनाला गेलीच नव्हती.

"माजाच आंगठा कुटंतरी पडला आसंल गं," त्या म्हणाल्या. "मी समद्यांस्नी सांगितलं, सुनीतीनं बगितलेलं हाय, त्यात खोट न्हाई."

गप्प राहिलं तर कुणालाच कळणार नव्हतं. त्या विचाराचीच तिला जास्त शिसारी आली.

"काकू, तुमचा अंगठा नाही. मी फक्त वरचा पसा बघितला. आत हात घातलाच नाही."

लीलाबाईंनी शेजारी ठेवलेला फोन उचलून हातात घेतला.

"द्या, मी काढून टाकते ते," सुनीतीनं हात पुढं केला.

लीलाबाईंनी फोन पदराखाली घेतला.

"ऱ्हाऊ दे. शंभू आला की बगंल त्यो."