टोकाच्या चार मिलिमीटर अलीकडे

भोईर मॅडम गेल्याचा फोन दवाखान्याच्या लँडलाइनवर आला, तेव्हा माझ्यासमोर खुर्चीत पेशंट आ करून बसला होता. झोपेतच गेल्या, त्यांचा भाऊ म्हणाला. हातातलं काम पुरं केलं, मग आतल्या खोलीत जाऊन बसले… त्याला आता तीन आठवडे झाले.

सात-आठ वर्षांपूर्वी मी भिवंडीत दंतवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला होते. आम्ही मुलांनी केलेली रूट कॅनाल मॅडम तपासायच्या. त्या मूळच्या मानकोलीच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांच्या भाताच्या खाचरांवर पुढे गोदामं उभी राहिली. आमच्याशी पुस्तकी मराठी बोलत, पण पेशंट मानकोलीकडचा असला की त्यांची जीभ घरी जायची.

माझ्या पहिल्या पेशंट शेवंताबाई, कामतघरच्या, लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरणाऱ्या. चार खेपांत त्यांची दाढ मी भरली. दुखणं थांबलं, त्या खूश, मीही. मॅडमनी एक्स-रेची फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली आणि पेनाने मुळाचं टोक दाखवलं. भरण मुळाच्या टोकाच्या चार मिलिमीटर अलीकडेच थांबलं होतं. बाईंना आता काही त्रास नाही, मी चाचरत म्हटलं. पाच वर्षांनी होईल, त्या म्हणाल्या, तेव्हा तू इथे नसशील. परत करायचं, आणि का ते तूच त्यांना सांगायचं.

ते सांगणं मला परीक्षेहून जड गेलं. शेवंताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "दुखत न्हाय, तं परत कशाला? माझी ड्युटी बुडते."

माझे डोळे भरून आले. तेव्हा मॅडम स्टूल ओढून त्यांच्याशेजारी बसल्या. "बाय, पोरीची चूक हाय. न् मी आधी बघाया पायजे व्हतं, ती माझी चूक. दोघी मिलून नीट करू."

शेवंताबाई शिफ्ट बदलून दोनदा आल्या. दोन्ही वेळा मॅडम लाळ ओढायची नळी धरून माझ्या मदतनिसासारख्या उभ्या राहिल्या. हत्यार मात्र एकदाही माझ्या हातून घेतलं नाही.

पुढे मी कामतघरलाच दवाखाना टाकला. गेल्या वर्षी एका दुपारी मॅडम तिथे आल्या, गाल सुजलेला. मी घाईघाईने रूट कॅनालसाठी ठाण्यातल्या एका मोठ्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. "तूच कर," म्हणाल्या आणि चष्मा काढून खुर्चीत टेकल्या. मी हातमोजे चढवले. त्यांनी डोळे मिटले ते काम संपेपर्यंत उघडले नाहीत.

शेवटच्या खेपेला एक्स-रेची नुकतीच धुतलेली, ओली फिल्म मी त्यांच्यापुढे धरली. चष्मा पर्समध्येच होता. त्यांनी तो काढला नाही.

"तू बघितलीस ना?"

"हो, मॅडम."

"मग झालं."

ती फिल्म माझ्या खणात आहे. परवा काढून खिडकीच्या उजेडात धरली. भरण जिथे पोचायला हवं, तिथे पोचलंय… मॅडमनी ते कधी पाहिलंच नाही.