पार्कमधून निघताना

आमच्या गाडीला क्लच नाही आणि म्हणूनच ती घेतली. बाबा गेल्यावर चौसष्टाव्या वर्षी आई गाडी शिकली. दोन पायांनी तीन पेडलं सांभाळायची कसरत तिला नको होती. तेव्हापासून चार वर्षं ती रोज सकाळी खंडेराव गेटजवळच्या आमच्या घरून निघून सदर बाजाराकडे मावशीच्या घरी जाते. मावशी अंथरुणाला खिळली आहे. आई तिची वेणी घालते, तिला भरवते आणि दोघी मनसोक्त मराठी बोलतात. एरवी झाशीत आमचा सगळा दिवस हिंदीतच जातो.

या फेब्रुवारीत गल्लीत नालीचं खोदकाम निघालं. गाडीची नेहमीची जागा गेली, म्हणून ती दारासमोरच्या चढावर लावू लागलो. त्याच सुमारास आवाज सुरू झाला. सकाळी आईने गिअरचा दांडा 'पार्क'मधून, म्हणजे गाडी उभी ठेवायच्या खाचेतून, काढला की खालून ठक्क! मी शिक्षिका, त्यातून तापट. दारात उभी राहून मी रोज तिची शाळा घ्यायचे. "ब्रेक पूर्ण दाब. हिसका कशाला देतेस? बाबा असते तर कपाळाला हात लावला असता." हे शेवटचं वाक्य मी दोन-तीनदा तरी म्हटलं. आठवलं की अजून लाज वाटते.

आठवड्याभरात आईने किल्ली खुंटीला अडकवली. "राहू दे, मी ऑटोने जाईन," म्हणाली. वाटेत ऑटो बदलावी लागे, चढताना गुडघा दुखे. रोजचं जाणं दिवसाआड झालं, मग आठवड्यातून एकदा. मावशीचा फोन आला की आई म्हणे, "अगं, आज जरा कामं आहेत." घरात किती कामं होती ते मला दिसत होतं.

शेवटी मी गाडी सदरच्या मेकॅनिककडे न्यायला काढली, तर माझ्या हातूनही ठक्क. मी मनात म्हटलं, आईने बिघडवूनच ठेवली आहे. पण त्याच्या अंगणात दहा वेळा दांडा हलवला तरी गाडी गप्प. त्याने इंजिन आणि गिअरबॉक्स ज्यांवर बसतात ती रबरं तपासली. धडधाकट होती.

"दीदी, घर पर ही बोलती है? तो घर चलिए."

घरी आल्यावर मी रोजच्यासारखी चढावर गाडी चढवली, दांडा पार्कमध्ये टाकला आणि ब्रेक सोडला. गाडी चार बोटं मागे घसरून थांबली. त्याने लगेच हात वर केला.

"यहाँ रोज़ कौन लगाता है?"

"मैं." चढाची आईला भीती वाटते. ती कोपऱ्यावर उतरे आणि गाडी वर मी आणत असे.

"और हैंडब्रेक?"

मी ओढतच नव्हते. ओढून ठेवला की ब्रेक चिकटतात, गाडी गिअरमध्ये टाकून उतरायचं, असं बाबांनी शिकवलं होतं. त्यांची गाडी जुनी, क्लचवाली. मी तेच इथे चालवलं होतं.

"चढ़ाई पर पूरी गाड़ी गिअर के एक छोटे-से खटके पर लटकी है, दीदी. निकालेंगे तो आवाज़ करेगा ही." त्याने करून दाखवलं: पाय ब्रेकवर, दांडा न्यूट्रलला, हँडब्रेक ओढायचा, मग पाय उचलून गाडीचं वजन हँडब्रेकवर येऊ द्यायचं आणि शेवटी पार्क. परत काढताना बारीकसाही आवाज आला नाही.

दुसऱ्या सकाळी मी आईला किल्ली दिली आणि सगळं सांगितलं. चूक माझी होती, हेही सांगितलं. ती नुसतं "बरं" म्हणाली. गाडीत बसली, ब्रेक दाबला, दांडा काढला. काही वाजलं नाही. मला वाटलं, आता हसेल. पण तिने खांदे आक्रसून घेतले होते आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. चार वर्षं ही बाई कुणाला न विचारता निघून जात असे.

"निघू का गं मी?" तिने विचारलं.