मागल्या दाराची शिट्टी

"कुलूप? माज्या दादाला कुलूप लावून बाजारात जातेस तू?"

"हळू बोला वन्सं, अख्खी वाडी आयकतेय."

"आयकू दे! कोंबडी तरी डालग्याखाली झाकली तर तिला फट ठेवतात!"

"फट हाय की. खिडकी उघडीच असते. पेज ठेवलीय, तांब्याभर पानी ठेवलंय..."

"आनी किल्ली?"

"किल्ली माज्या कमरेला."

"आयकलंत? किल्ली म्हने कमरेला! अगो वैनी, तो भागोजी तांडेल हाय. हर्णैपासून जैतापूरपर्यंत त्याच्या नावानं लोक नारळ फोडायचे. आनी तू त्याला कोंडून ठेवतेस?"

खिडकीच्या गजांतून भागोजीचा आवाज आला. अगदी शांत, पाहुण्यासारखा. "सखू, ह्या कोन दोघी भांडतायत गो?"

दोघींनीही खिडकीकडं पाहिलं.

दुपारचे बारा वाजून गेले होते. धोंडूबाईच्या डोक्यावर मासळीची रिकामी पाटी होती. तिची नणंद सखूबाई पहिल्या एस्टीनं सावर्ड्याहून निघून आली होती आणि गेला तासभर पायरीवर बसून भावाशी गजांतून बोलत होती. धोंडूबाईनं पाटी उतरवली, कमरेची किल्ली काढली. किल्ली दोनदा कुलपाच्या तोंडावरच घसरली. सखूबाईनं तेही पाहून घेतलं.

"एक महिना देते," दार उघडल्यावर आत न शिरताच ती म्हणाली. "महिन्यानं मी येनार. त्या दिवशी हे कुलूप दारावर दिसलं, तर दादाला सावर्ड्याला घेऊन जानार. माज्या लेकाचं सुक्या मासळीचं दुकान हाय, वर माडीवर खोली हाय. तिथं समुद्र नाय. जाईल कुठं तो?"

"समुद्र नाय तिथं ते जगतील किती दिवस?"

"आनी हितं किती दिवस जगेल, कोंडून?"

धोंडूबाईनं पाटी उचलून आत नेली. कोंडण्याला कारण होतं.

रत्नागिरीजवळच्या आरेच्या अलीकडची ही खारव्यांची, म्हणजे मच्छीमारांची, वाडी. घरं अशी की पुढचं दार रस्त्याकडे आणि मागलं दार थेट पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत. भागोजीनं चाळीस वर्षं होडी चालवली. जाळं कुठं टाकायचं, वारा कधी फिरणार, माघारी कधी वळायचं, हे सगळं तांडेलानं ठरवायचं आणि बाकीच्यांनी मुकाट्यानं ऐकायचं. साठीनंतर होडी गेली, आणि मग दोन वर्षांत बाकीचंही जायला लागलं. आधी माणसांची नावं गेली. मग आज कोणता वार ते गेलं. मग सकाळी जेवलो की नाही ते. शेवटी बायकोचं नावही गेलं, पण गेलंय हे त्यानं दाखवलं नाही. "अगो" म्हणून वेळ निभावून न्यायचा. वाऱ्याचं तोंड मात्र अजून बरोबर ओळखायचा.

दिवाळीच्या आधी एक दिवस धोंडूबाई बाजारातून आली तर घर रिकामं. शेजारीच माडाच्या झावळ्यांची मांडवी होती. तिथं खंडू आणि आणखी चारजण सकाळपासून जाळी शिवत बसलेले.

"तांडेल कुठं दिसलं काय रे?"

"दिसलं की. सकाळीच गेलं मागल्या दारानं. आमच्या हितूनच."

"कुठं गेलं?"

खंडू तिच्याकडं असा बघायला लागला की जणू तिनंच काही भलतं विचारलंय. "ते कसं विचारनार?"

खरंच, कसं विचारणार? समुद्राकडं निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारायचं नाही. विचारलं की अपशकुन. मग त्यानं माघारी फिरायचं, घरात जाऊन टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि पुन्हा नव्यानं निघायचं. वाडीत लेकराला बोलता यायला लागलं की आधी हे शिकवतात. त्यातून भागोजी तांडेल! एकदा खंडूनंच लहानपणी त्याला 'काका, कुठं?' विचारलं होतं. भागोजीनं अशी शिवी घातली होती की ती खंडूला अजून पाठ होती. पाच माणसांनी तांडेलाला जाताना पाहिलं आणि पाचांनीही माना खाली घातल्या. रिवाज पाळला त्यांनी.

तो सापडला आरे-वारेच्या खडकांपाशी. भरती चढत होती, कमरेपर्यंत पाण्यात उभा होता आणि कुणाला तरी नांगर उचलायला सांगत होता.

दुसऱ्या दिवशी धोंडूबाईनं कुलूप आणलं. पुढल्या दाराला कुलूप, मागल्या दाराला बाहेरून कडी. बाजार सोडणं शक्य नव्हतं. मासळी विकली तरच चूल पेटणार. मुलगा बाळा मुंबईत बर्फाच्या कारखान्यात होता, पण त्याचं त्यालाच पुरत नव्हतं. रोज कुलूप लावताना ती दाराकडं बघायची नाही. आंधळ्यासारखी चाचपून लावायची.

सखूबाई गेल्यावर धोंडूबाईनं ट्रंक उघडली. काय शोधतेय ते तिचं तिलाही कळत नव्हतं. तळाशी एक खोका निघाला. बाळानं गणपतीत आणलेला. साबणाच्या वडीएवढी पांढरी पेटी आणि तिच्यासोबत बोटभर लांबीचा एक तुकडा. "आई, चोरासाठी हाय. दाराला लाव." तेव्हा ती हसली होती. चोर येऊन नेणार काय? बोंबील?

'लवूला विकून टाकू' असा विचार करत दुसऱ्या दिवशी तिनं तो पाटीत टाकला.

लवूचं दुकान रत्नागिरीच्या बाजारातच, रेडिओ दुरुस्तीचं. भोवती पोट फाडलेले ट्रान्झिस्टर, मध्ये तो. त्यानं पेटी उलटीपालटी केली, तिच्यात चौकोनी बॅटरी बसवली. "ही पेटी चौकटीला लावायची, मावशी. हा तुकडा दाराला. याच्यात लोहचुंबक हाय. दार बंद, दोन्ही जवळ जवळ, तोवर गप. दार उघडलं की..."

त्यानं तुकडा बाजूला केला.

बाजारातली तमाम डोकी वळली. एक म्हातारा छत्री टाकून उभाच राहिला. केळीवाल्यानं शिवी हासडली. लवूनं तुकडा परत चिकटवला, शिट्टी थांबली.

धोंडूबाईचा हात छातीवरच होता. तो तिनं हळूच खाली घेतला. "लवू, दार आतनं उघडलं तर?"

"म्हंजे?"

"बाहेरनं नाय. आतल्या मानसानं उघडलं तर वाजेल?"

"दाराला काय कळतंय, मावशी, आतनं का बाहेरनं? पन चोर बाहेरनं येतो."

"माजा आतनं जातो," धोंडूबाई म्हणाली.

लवूला कळायला क्षणभर लागलं. मग त्यानं पेटी विकत घेण्याची गोष्टच काढली नाही. चार बारके स्क्रू कागदात बांधून दिले. वर म्हणाला, "बॅटरी संपली की शिट्टी रडल्यासारखी येते. तशी आली की लगेच माज्याकडं यायचं."

आता चूक कशी झाली बघा. चोराची पेटी म्हटल्यावर धोंडूबाईनं ती लावली पुढल्या दाराला. चोर पुढनं येतो ना! कुलूप काढलं, मागल्या दाराची बाहेरची कडीही काढली, देवाला हात जोडले आणि बाजारात गेली. सकाळभरात पेटी एकदाच वाजली, शेजारीण साखर मागायला आली तेव्हा. ती बिचारी वाटी तिथंच टाकून पळाली. आणि तांडेल? चाळीस वर्षांत जो माणूस समुद्रावर जाताना एकदाही पुढल्या दारानं गेला नाही, तो त्या दिवशी तरी कसा जाणार? मागल्या दारानं निघून तो एका उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत झोपला होता. नशीब!

संध्याकाळी स्क्रू काढून पेटी मागल्या दारावर गेली. पुढल्या दाराला आतून नुसती कडी राहिली. तिकडं तो फिरकतच नसे. बाजारात जाताना धोंडूबाई आता पुढली कडी आतून घालून मागूनच बाहेर पडे आणि पेटीचं बटण चालू करून दार ओढून घेई. शिट्टी वाजली की तांडेलाकडं बघा, असं तिनं मांडवीत सांगून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला पेटी किंचाळली. मांडवीतल्या पाचहीजणांच्या सुया हातात थांबल्या. तांडेल दारात उभा राहिला. शिट्टीकडं कान देऊन म्हणाला, "आगबोट लागली वाटतं." आणि चालायला लागला. खंडू धावत जाऊन दार लोटून आला. मग तांडेलाच्या मागोमाग निघाला. पन्नास पावलं अंतर ठेवून, हातात जाळ्याची सुई तशीच. तांडेल थांबला की हा थांबे. तांडेल वाकून वाळू बघे, हाही वाळू बघे. असं दुपारपर्यंत चाललं. धोंडूबाई आली तेव्हा दोघंही उन्हानं लाल होऊन परतत होते.

"अरे, हाक मारून फिरवायचं ना त्यांना!"

"काय म्हनून हाक मारू, काकी?"

"विचार ना, कुठं निघालात म्हनून!"

खंडूनं जीभ चावली. "तांडेलाला? मी? त्यापेक्षा रोज चालीन मागनं."

"तुजं जाळं कोन शिवनार मग?" धोंडूबाई त्याच्यासमोर वाळूतच बसली. तिचा आवाज खाली आला. "खंडू, त्या दिवशी तुमी पाचजणांनी विचारलं असतं ना, तर ते माघारी फिरलं असतं. तेवढं तरी त्यांच्या लक्षात हाय, बघ. अपशकुनाचं पाप माज्या डोक्यावर. विचार. तुला माजी शपथ."

दुसऱ्या दिवशी पेटी वाजली. तांडेल बाहेर आला. बाकीच्या चौघांनी खंडूकडं बघितलं. खंडूनं डोळे मिटले आणि तो ओरडला,

"तांडेल! कुठं निघालात?"

भागोजी जागच्या जागी थांबला. मान वळवली. आणि बत्तीस वर्षांपूर्वीची तीच शिवी, शब्दाला शब्द, खंडूच्या अंगावर आली. मग फणफणत तो माघारी फिरला, घरात गेला, खाटेवर टेकला, तांब्यातून घोटभर पाणी प्यायला. तांब्या खाली ठेवेपर्यंत, आपण कुठं निघालो होतो, ते निघून गेलं होतं. खिडकीतून वाऱ्याकडं बघत बसला.

मांडवीत पाचहीजणांनी सुया खाली ठेवल्या. मग सगळेच हसायला लागले. खंडू हसता हसता डोळे पुसत म्हणाला, "बघितलंत? मला वळखलंन!"

तेव्हापासून सकाळी तीनदा, कधी चारदा पेटी वाजे. दर वेळी कुणीतरी विचारी, दर वेळी शिवी येई, दर वेळी तांब्यातलं पाणी घोटभर कमी होई. आणि संध्याकाळी पाच वाजता धोंडूबाई स्वतः पेटीचं बटण बंद करी, मागलं दार सताड उघडी आणि नवऱ्याचा हात धरून पुळणीवर जाई. त्या वेळी मांडवीतलं कुणी काही विचारत नसे. माना खाली.

बरोबर महिन्यानं सखूबाई आली. या खेपेला पिशवी रिकामी होती, ती भरून न्यायला आणलेली. चपला मागल्या दारी काढल्या, पाय धुतले, आत आली. पेटीचं बटण त्या वेळी बंद होतं, त्यामुळं तिला काही कळलं नाही. आल्या आल्या तिनं खुंटीवरचे भावाचे दोन सदरे आणि एक पंचा काढून पिशवीत घातला.

"वन्सं, कुलूप बघितलंत काय दारावर?"

"आज मी येनार म्हनून काढलं असशील."

"कुलूप तिकडं हाय." धोंडूबाईनं बोट दाखवलं. मिठाच्या मडक्यावर फळी होती आणि फळीवर वजन म्हणून ते कुलूप, गंजून तांबडं झालेलं. "मांजर झाकन पाडतंय म्हनून ठेवलंय."

तिनं उठून पेटीचं बटण चालू केलं आणि भाजी चिरायला बसली. सखूबाई काही विचारणार तेवढ्यात भागोजी खाटेवरून उठला. बहिणीकडं बघून हसला, धोतर सावरलं आणि मागलं दार उघडलं.

सखूबाईनं दोन्ही कान झाकले. "अगो, हे काय! दादा! वैनी, तो चालला, धर ना त्याला!"

धोंडूबाईनं वांग्याचं देठ काढलं. "बसा हो."

बाहेरून आवाज आला, "तांडेल, कुठं निघालात?"

मग शिवी. सखूबाईनं ती पोरवयात शंभरदा ऐकली होती. तिचे हात कानांवरून आपोआप खाली आले. भाऊ आत आला, दार ओढलं, शिट्टी थांबली. खाटेवर बसला, पाणी प्यायला, आणि तिच्याकडं बघून म्हणाला, "सखू, कधी आलीस गो?"

कितीतरी महिन्यांत त्यानं तिला असं सरळ बघून नावानं हाक मारली नव्हती. मागल्या खेपेला गजांतून मारली होती तेवढीच.

"आत्ताच, दादा," ती म्हणाली.

ती खाटेच्या कडेला बसली. भावानं खिडकीबाहेर बघत सांगितलं, उद्या वारा पडेल. ती हो म्हणाली. मग चहा झाला. एस्टीची वेळ झाली. धोंडूबाईनं कपबशी विसळली, पालथी घातली, आणि पाठमोरीच उभी राहून विचारलं. महिनाभर जे छातीत धरून ठेवलं होतं तेच.

"मग वन्सं? नेताय काय ह्यांना?"

सखूबाईनं पिशवी मांडीवर घेतली. एक सदरा काढला, घडी नीट केली, खाटेवर ठेवला. दुसरा काढला. पंचा काढला. तिन्हींवरून एकदा हात फिरवला. रिकामी पिशवी खांद्याला अडकवली आणि मागलं दार उघडलं.

शिट्टी कडाडली. मांडवीत खंडू जाळ्यात डोकं घालून बसला होता. त्यानं मान वरही केली नाही, सवयीनंच ओरडला,

"तांडेल, कुठं निघालात?"

सखूबाईनं चपला पायांत सरकवल्या, पदर डोळ्यांना लावला आणि ती पुळणीवरून चालायला लागली.