हॅलोताईची साक्ष

धुलाईघरात तिला सगळे हॅलोताई म्हणत. हे नाव पडलं एका निरोपसमारंभात. सगळ्यांत जुनी म्हणून तिला दोन शब्द बोलायला उभं केलं, तर माईक धरून ती "हॅलो" म्हणाली. मग पुन्हा "हॅलो". तिसऱ्यांदा "हॅलो" म्हणून खाली बसली. लोक पोट धरून हसले. त्यांच्याबरोबर तीही हसली, आणि घरी येऊन मोरीत नळ सोडून रडली. त्याला नऊ वर्षं झाली.

आता गुरुवारी अकरा वाजता तिला पुन्हा लोकांपुढे उभं राहायचं होतं. आणि या खेपेला हसण्यावारी नेण्यासारखं काही नव्हतं.

धुलाईघर एका मोठ्या इस्पितळाचं. तिथे चादरी वाफेच्या प्रेसवर इस्त्री होतात. पायाने पेडल दाबलं की वरचं तापलेलं झाकण चादरीवर बसतं, सोडलं की उठतं. महिन्यापूर्वी त्या झाकणाखाली चिमणीचा हात सापडला. चिमणी चांगली दोन लेकरांची आई होती, पण अखंड चिवचिवणारी म्हणून चिमणी. ऑफिसचं म्हणणं, हात आत घालायचं कारणच काय? निष्काळजीपणा. कामावरून कमी करायचं ठरत आलं होतं. शेवटची म्हणून एक चौकशी लागली, आणि चिमणीने साक्षीला एकच नाव दिलं, हॅलोताईचं.

खरी गोष्ट हॅलोताईला ठाऊक होती. ते पेडल मधूनच दाबलेलं अडकायचं. चादर करपू नये म्हणून बायका पायाच्या चवड्याने ते खालून उचलून धरत आणि झाकण उठताच चादर ओढून घेत. त्या दिवशी पेडल चिमणीच्या चवड्यावरून निसटलं आणि झाकण परत खाली आलं.

आणि ही युक्ती चिमणीला शिकवली होती हॅलोताईनेच.

खरं बोललं तर स्वतःच्या पोटावर पाय, गप्प बसलं तर चिमणीच्या. घास गिळवेना. शेवटी तिने धाकट्या नणंदेला बोलावून घेतलं. ही नणंद अपघातातून उठलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवायची, त्यामुळे माणूस दिसला की आधी त्याच्या पायांकडे बघायची तिची खोड.

"बोल वहिनी. मी चौकशीची बाई आहे असं समज."

"मी... म्हणजे ते..."

"थांब, थांब. तू बगळ्यासारखी एका पायावर का उभी आहेस?"

हॅलोताईने खाली पाहिलं. डावा पाय फरशीवर घट्ट, आणि उजवी टाच चांगली चार बोटं वर. बावीस वर्षं तो पाय पेडलवर होता. घरी आला तरी त्याची ड्यूटी सुटलेली नव्हती.

"अगं बाई!"

"गुडघा काठीसारखा ताठ, खांदे कानाला टेकलेत, श्वास गळ्याखाली उतरतच नाही. असं उभं केलं तर मीसुद्धा हॅलोच म्हणेन."

"चेष्टा नको गं. पोटात गोळा आलाय माझ्या."

"कुठे? बोट ठेवून दाखव."

तिने बेंबीच्या जरा वर बोट ठेवलं.

"मग श्वास तिथवर जाऊ दे. गोळ्याला हाकलायला जाऊ नकोस. नुसतं त्याच्यापर्यंत जाऊन ये."

तीन संध्याकाळी ओट्यापुढे हेच चाललं. नणंदेने तिच्या उजव्या टाचेखाली कागदाचा कपटा ठेवला. ती बोलत असताना नणंद तो ओढून बघायची. हातात आला की पुन्हा पहिल्यापासून. "सुटला! परत!" टाच टेकली की पोटरीत कळ यायची, आणि पेडल हा शब्द तोंडात आला की टाच आपसूक उचलायची. बुधवारपर्यंत तिची मजल चौथ्या वाक्यापर्यंत गेली. भीती तसूभर कमी झाली नव्हती. ती अंगात कुठे कुठे दबा धरून बसते, तेवढं कळलं.

गुरुवारी देवापुढे हात जोडून ती एवढंच म्हणाली, "बाकी काही नको, वाचा दे."

जेवणाच्या हॉलमध्ये टेबलामागे चौकशीच्या बाई, बाजूला सुपरवायझर, समोर धुलाईघरातली पन्नासेक माणसं. ती उभी राहिली तशी मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "हॅलो." खसखस पिकली. समोरचे चेहरे एकमेकांत मिसळायला लागले.

टाच वर होती. तिने ती खाली ठेवली. पोटरीत कळ आली, आणि त्या कळेला धरूनच ती उभी राहिली.

"बोला ना," चौकशीच्या बाई म्हणाल्या.

"बोलते. जरा श्वास घेऊ द्या."

कुणी हसलं नाही. ती एकट्या बाईंकडे बघत राहिली.

"पेडल अडकतं. चवड्याने उचलायला चिमणीला मी शिकवलं. तिची चूक नाही."

आवाज चिरका निघाला, पण निघाला.

"पेडल अडकतं हे कुणाला सांगितलं होतंत?"

"यांना. दोनदा." तिने सुपरवायझरकडे बोट केलं. "म्हणाले, पाय दिलेत ना देवाने, वापरा."

"साफ खोटं!" सुपरवायझर उसळले.

तिचे खांदे झटकन कानापर्यंत गेले. तिने ते एकेक करून खाली आणले.

"लेखी दिलं होतं?"

"नाही. लिहून द्यायचीही भीती वाटली."

"हे तुमच्या नोकरीवर येऊ शकतं, कळतंय ना?"

"कळतंय म्हणून तर एवढी थरथरतेय, बाई."

चौकशीच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "चला, प्रेस दाखवा मला."

बाईंनी स्वतः पेडल दाबून बघितलं. सहाव्यांदा ते दाबलेलंच राहिलं. झाकणाखालून करपल्याचा वास यायला लागला, तेव्हा सुपरवायझरांनीच धावत जाऊन बटण बंद केलं.

साक्ष होईपर्यंत चिमणीला बाहेरच थांबवलं होतं. दुपारी ती बाकावर बँडेजचा हात मांडीवर घेऊन बसली होती. हॅलोताई तिच्याशेजारी येऊन टेकली. आता मात्र तिचे दात वाजत होते.

"ताई, काय झालं? बोला की!"

"हात बरा झाला की ये. घड्या घालायच्या टेबलावर घेतील तुला."

चिमणी रडायलाच लागली. मग तिचं लक्ष ताईच्या मुठीतल्या कागदाकडे गेलं. "हे काय?"

"माझी नोटीस. सोमवारी मला चौकशीला बोलावलंय."

"अगं आई गं! मग आता?"

"आता पाणी आण थोडं. आणि सोमवारी माझ्यासाठी तू बोलशील का गं?"

चिमणीची चिवचिव बंद झाली. तिने डोळे मोठे करून ताईकडे पाहिलं आणि होकाराची मान डोलावली.