पळतं थायरॉईड

माझं थायरॉईड फार जोरात पळतंय, असं रिपोर्ट म्हणत होता. टीएसएच अगदी तळाला, टी-फोर वर. मोबाईलवर हे वाचलं आणि माझी छाती धडधडायलाच लागली. हातही थरथरतायत असं वाटलं.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, सकाळी तर ठणठणीत होतीस!"

"सकाळी रिपोर्ट कुठे आला होता, आई?"

रिक्षा करून त्या माझ्याबरोबर कर्वेनगरातल्या आमच्या डॉक्टरीणबाईंकडे आल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, मग मला पाहिलं. "हात पुढे धरा." पसरलेल्या बोटांवर त्यांनी एक कागद ठेवला. कागद हलेना.

"वजन उतरलंय?"

"कुठलं हो!" मी इतक्या दुःखाने म्हणाले की त्या हसल्या.

मग त्यांनी समजावलं. टीएसएच हा मेंदूकडून थायरॉईडला येणारा निरोप, काम कर म्हणून. थायरॉईड जास्तच काम करायला लागलं की निरोप बंद होत जातो. म्हणून टीएसएच कमी, आणि थायरॉईड बनवतं ते टी-फोर जास्त. "पण तुमच्याकडे पाहून तसं काही वाटत नाही. केसांसाठी गोळ्या घेता का?"

मी चाटच पडले. बायोटिनच्या घेत होते, रोज.

"त्याने काही लॅबच्या तपासणीत आकडे चुकतात. बंद करा, थोड्या दिवसांनी पुन्हा रक्त द्या. तोवर आजारी पडायची घाई नको."

शेजारून हळू आवाज आला. "डॉक्टर, मग मीही बंद करू?"

मी वळले. "आई, तुम्ही?"

"तुझ्याच बाटलीतली घेते. एकच गं! माझेही केस गळतात की."

दर महिन्याला ती बाटली इतक्या लवकर कशी संपते, म्हणून मी दुकानदाराशी भांडले होते! आम्ही दोघी अशा हसत सुटलो की डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

गोळ्या थांबवून आम्ही दोघींनी रक्त दिलं. रिपोर्ट घ्यायलाही जोडीनेच गेलो. सगळे आकडे जागच्या जागी! मी सासूबाईंना मिठीच मारली, त्यांनी लॅबमध्येच छोटीशी गिरकी घेतली. काउंटरवरच्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "नॉर्मल आलंय, सुवर्णपदक नाही."

तिथून आम्ही थेट मस्तानी प्यायला गेलो. आंब्याची संपवून सासूबाईंनी पिस्त्याचीही मागवली.